दोघांनी ‘काळं’ म्हटलं तरच

बिलिंग्ज, २ मार्च

प्रिय लेलंड मामा,

आईच्या फ्रीजरमधली अस्वलाच्या चरबीची शेवटची बरणी संपली. नाताळात तिने बेरी भरून भाजलेल्या ‘पाय’चं पिठाचं कवच दुकानातल्या लोण्यात केलं आणि आम्ही सगळ्यांनी ‘छान झालंय’ म्हणत खाल्लं. तू मात्र आतली बेरी तेवढी खाल्लीस आणि कवच बशीच्या काठाला लावून ठेवलंस. आई त्यावरून अजून धुसफुसते आहे.

मुद्द्यावर येते. या सप्टेंबरात मला मिटन क्रीकच्या डोंगरात घेऊन चल, अस्वलाच्या शिकारीला. गाडीतून उतरून दोन तासांत परत येणारी शिकार नको. पाठीवर घर घेऊन, तंबूत राहून, तू आणि तुझा शिकारीचा सोबती मर्ल जायचात तशी. मर्ल जाऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून तू त्या डोंगरावर पाऊल ठेवलेलं नाहीस. मी चौतीस वर्षांची आहे, सहा हरणं मारली आहेत, आणि दिवसभर लोकांच्या कवळ्या घासण्याचं काम करते, म्हणजे हात स्थिर आहे याचा आणखी पुरावा नको.

फोनवरच विचारणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं ऐकू आलं नाही असं तू दाखवतोस. कागदावर ‘नाही’ लिहिणं तुला जड जाईल, म्हणून हे पत्र.

तुझी भाची,
कॉरीन

ट्रॉय, १३ मार्च

कॉरीनबाई,

कवच मी काठाला लावलं नव्हतं, ते आपल्या पायाने तिथे गेलं. तुझ्या आईला, व्हर्नाला, हे तूच सांग. मी सांगितलं तर ती पुढच्या नाताळात मला बोलावणार नाही.

तुझं अक्षर म्हणजे दातात अडकलेला कण, कोरून काढावं लागतं. पुढचं पत्र टाइप कर, ठळक आणि मोठं.

आता शिकारीचं. जाऊ. पंधरा सप्टेंबरला हंगाम उघडतो, त्या दिवशी आपण सहा मैल आत असलं पाहिजे. सरकारी जंगल आहे, कुणाच्या बापाचं नाही, आणि म्हणूनच पहिल्या दोन मैलांत जत्रा असते. चौथ्या मैलाला लोकांचे पाय बोलायला लागतात. सहाव्या मैलावर कॉफीपॉटची डोंगरधार आहे. तिच्या समोरच्या उतारावर सप्टेंबरातही बेरी असते. बेरीवर पोसलेल्या अस्वलाची चरबी कढवली की पांढरीशुभ्र होते, आणि व्हर्नाच्या पायचं रहस्य तेवढंच आहे. तिला मात्र हे सांगू नकोस.

पण आधी परीक्षा. आपल्याकडे काळी अस्वलंही आहेत आणि ग्रिझली जातीचीही. काळं मारता येतं, ग्रिझलीला कायद्याने हात लावायचा नाही. परवान्याआधी दोघांमधला फरक ओळखायची परीक्षा द्यावी लागते आणि ती असायलाच हवी. रंगावर जाऊ नकोस. काळं नाव असलेलं अस्वल तपकिरी असतं, लालसर असतं, गव्हासारखंही असतं. खांद्यावर वशिंड आहे का ते बघ, असलं तर ग्रिझली. चेहरा मधे बशीसारखा दबलेला आहे का ते बघ. कान बघ, नखं बघ. मग पुन्हा वशिंड बघ.

आणि मर्लचा नियम. दोघांनी आपापल्या दुर्बिणीतून वेगवेगळं बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं. दोघांनी ‘काळं’ म्हटलं तरच गोळी. एकाने जरी ‘माहीत नाही’ म्हटलं तर रायफलीतली गोळी काढून ठेवायची, आणि त्यावर वाद घालायचा नाही. हा नियम उगाच झाला नाही. सत्त्याण्णव साली मर्लच्या हातून चुकून ग्रिझली मेलं. मादी होती. तो त्याच दिवशी सहा मैल खाली उतरला आणि शिकार-अधिकाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. पाच वर्षांसाठी परवाना गेला, रायफल गेली. मर्लसारख्या माणसाच्या हातून जे घडलं ते तुझ्या हातून घडणार नाही असं समजू नकोस.

तुझा मामा

बिलिंग्ज, ४ मे

प्रिय मामा,

घे, अठ्ठावीस पॉइंटच्या टायपात. आता अंतराळातूनही वाचता येईल.

मी पास झाले, एकच चूक. पावसात भिजलेलं ग्रिझली होतं, भिजलं की वशिंड चापून बसतं. त्या एका चित्रावर मी तीन दिवस स्वतःला शिव्या दिल्या. कवळ्या करणाऱ्या बाईला जबड्यावरून माणूस ओळखता येतो आणि अस्वल ओळखता येत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

पाठपिशवीत मांजराच्या शी-शूच्या वाळूची चाळीस पौंडांची थैली घालून रोज इमारतीचे जिने चढते. माझ्याकडे मांजर नाही, त्यामुळे शेजारी आता माझ्याशी जपून बोलतात.

तुझी परीक्षा झाली का? आणि तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? एका ओळीत चार शब्द बसतात. मी तुझ्यापेक्षा मोठ्या टायपात लिहावं म्हणून ही स्पर्धा आहे का?

कॉरीन

ट्रॉय, २१ मे

कॉरीनबाई,

नवं पेन जाड आहे. जाड पेनाने बारीक लिहायला मी काय शाळेत आहे?

परीक्षेसाठी व्हर्ना मला लायब्ररीत घेऊन गेली. तिथल्या कंप्युटरसमोर मी बसलो तर ही बाई वेळ जात नाही म्हणून शेजारच्या कंप्युटरवर तीच परीक्षा देत बसली. आयुष्यात शिकार केली नाही, फक्त बेऱ्या वेचल्या, आणि शंभरपैकी शंभर. म्हणते, बेरीच्या झुडपात पलीकडून कोण खातंय हे चाळीस वर्षं बघत आले, त्यात ओळखायचं काय. सर्टिफिकेट कुंपणापलीकडे तिच्या फ्रिजवर लावलंय. दूध घ्यायला गेलं की ते वाचावं लागतं. माझंही काम झालं, काळजी नको.

सामानाचं सांगतो. रायफल एकच, तुझी. दोन रायफली वाहण्यापेक्षा ते वजन मांस उतरवायला ठेवू. टूथब्रशची मूठ कापून टाक. हसू नकोस, मर्ल कपड्यांची लेबलंसुद्धा कापायचा. मांसासाठी कापडी पिशव्या सहा. अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून अन्न झाडाला टांगायला पन्नास फूट दोरी. अस्वल अंगावर आलं तर मारायचा मिरचीचा फवारा पिशवीत नाही, पट्ट्याला, हाताशी. साबण वासाचा नको. आणि ते सुकवलेलं जेवण आणू नकोस, पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्याची चव असते त्याला. बीन्स आणि वाळवलेलं हरणाचं मांस मी करतो.

दुपारी चारनंतर अस्वल बेरीवर येतं, पण साडेसहानंतर आपण गोळी घालायची नाही. उजेड असताना सोलून, मांस हाडांपासून सोडवून सावलीत टांगलं पाहिजे. सप्टेंबरात ऊन असतं आणि त्या अंगावर चरबीची गोधडी असते, तासाभरात मांस बिघडायला लागतं. वाया घालवायचं असेल तर मारू नये.

नकाशा तू वाचायला शिक. या खेपेला सगळं तू करायचंस.

मामा

बिलिंग्ज, १२ जुलै

प्रिय मामा,

आईचा फोन आला होता. आधी म्हणाली जाऊ नका, मग म्हणाली जा पण त्याला विचार आम्ही जूनमध्ये कॅलिस्पेलला डॉक्टरकडे कशाला गेलो होतो. मी विचारलं कशाला, तर तोंडात गुळणी धरून बसली. म्हणे मी त्याला शब्द दिलाय.

गुडघे ना? खरं सांग. गुडघे बोलत असतील तर आपण सहाऐवजी तीन मैलांवर तंबू टाकू. किंवा पुढच्या वर्षी जाऊ, डोंगर कुठे पळून जात नाही. मला तुझ्याबरोबर जायचं आहे, तुला स्ट्रेचरवर उतरवायचं नाही. तुझं वजन मांजराच्या वाळूपेक्षा बरंच जास्त आहे.

कॉरीन

ट्रॉय, २४ जुलै

कॉरीन,

गुडघे ठणठणीत आहेत. कॅलिस्पेलच्या डॉक्टरने माझ्या गुडघ्यांबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, व्हर्ना साक्षीला आहे.

पुढच्या वर्षीवर टाकू नकोस. असं मी कुणाला विनवत नाही, तुलाच सांगतो. मर्ल गेल्यावर मला वर जाववलं नाही. दर सप्टेंबरात पिशवी भरायचो आणि दर सप्टेंबरात उपसायचो. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते खिशात घालून दिवसभर लाकडं फोडत होतो आणि व्हर्नाला वाटलं मी कशावर तरी चिडलोय. मला एकदा त्या धारेवर बसायचं आहे, शेजारी कुणीतरी दुर्बिणीतून बघतंय असं. यंदाच.

तुझा मामा

बिलिंग्ज, ५ सप्टेंबर

प्रिय मामा,

मग यंदाच. बारा तारखेला संध्याकाळी पोचते. टूथब्रश कापला आहे. पिशवी बेचाळीस पौंड भरते, त्यातले दोन पौंड चॉकलेट आहे आणि त्यावर चर्चा होणार नाही. आईला सांग, बरण्या धुऊन ठेव.

कॉरीन

बिलिंग्ज, ३० सप्टेंबर

प्रिय मामा,

परत येताना साडेपाचशे मैल मी तुझ्याशी मनात भांडत आले. ते भांडण आता कागदावर मांडते, नाहीतर ते माझ्यातच राहील.

तिसरा दिवस. पाच वाजायला वीस मिनिटं. समोरच्या उतारावर पानं लाल झालेली आणि त्यात ते एकटं अस्वल, तपकिरी. दोनशे पावलांच्या आत. वारा आपल्या तोंडावर. मी पिशवीवर रायफल टेकवली, नीट बघितलं आणि म्हटलं, “काळं.” तू दुर्बीण डोळ्याला लावलीस.  तू इतका वेळ घेतलास की माझा हात बधिर झाला. आणि मग म्हणालास, “माहीत नाही.”

मी म्हटलं, “मामा, पुन्हा बघ.”

तू दुर्बीण खाली ठेवलीस आणि म्हणालास, “गोळी काढ, कॉरीन.”

मी काढली. नियम आहे, वाद घातला नाही. ते अस्वल आणखी दहा मिनिटं खात होतं आणि मग धारेपलीकडे गेलं. त्यानंतर दोन दिवस काही दिसलं नाही. सहा मैल उतरताना तू वाटेतल्या दगडांबद्दल बोलत होतास.

मला अस्वल मिळालं नाही याचं वाईट वाटत नाही. पण नकाशा मी वाचला, वाट मी काढली, दोरीची गाठ मी मारली, चूल मी पेटवली. तू शिकवतो आहेस असं मला वाटत होतं. आता वाटतं, माझी परीक्षा घेत होतास आणि मी शेवटच्या प्रश्नाला नापास झाले. माझ्या नजरेवर विश्वास नव्हता, तर ते मार्चमध्येच लिहायचं होतंस. मी नीट बघून सांगितलं होतं.

कॉरीन

ट्रॉय, ९ ऑक्टोबर

प्रिय कॉरीन,

अक्षर तुझ्या आईचं आहे, शब्द माझे आहेत. तिने मधे काही घुसडलं तर ते कंसात असेल, असं ठरलंय. (घुसडणार. — आई)

तुझं पत्र व्हर्नाने मला वाचून दाखवलं. अठ्ठावीसचा टाइपही आता मला वाचता येत नाही, कॉरीन. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं. पायवाट दिसते, झाडं दिसतात, दारातून आत कोण आलं ते कळतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कॅलिस्पेलचा डॉक्टर डोळ्यांचा होता, म्हणून तो गुडघ्यांबद्दल काही बोलला नाही. परीक्षा मी तीनदा दिली. (चारदा.) चारदा. सगळी अस्वलं मधोमध पुसलेली. नकाशा तुझ्याकडून वाचून घेतला, कारण मला वाचता येत नव्हता. दोरीची गाठ मारता येत नव्हती. शिकवत नव्हतो, लपवत होतो. तुला सांगितलं असतं तर तू नेलं नसतंस, आणि मला जायचं होतं. ही माझी लबाडी. त्याबद्दल मला माफ कर.

तुझ्या नजरेवर विश्वास नव्हता असं मनात आणू नकोस. दुर्बिणीत मला लाल उतार दिसत होता आणि त्याच्या मधे काहीच नव्हतं. मी दुर्बीण इकडे सरकवली, तिकडे सरकवली, डोळ्याच्या कडेने पकडायला बघितलं. तुझा श्वास ऐकू येत होता. ‘काळं’ म्हणणं किती सोपं होतं. तू परीक्षा पास झालेली, हुशार, तू बघितलेलं. बरणी भरली असती, माझा डोंगरही झाला असता आणि डोळ्यांचं कुणाला कळलंही नसतं. शब्द माझ्या जिभेवर आला होता.

तो का गिळला ते सांगतो. सत्त्याण्णव सालचं मी तुला अर्धंच लिहिलं. तेव्हा माझे डोळे चांगले होते. मर्लने बघितलं आणि विचारलं, “काळं ना?” मी थर्मासचं झाकण उघडत होतो. ते घट्ट बसलं होतं. मी मान वर न करता म्हटलं, “हो, काळं.” त्याने माझ्या शब्दावर गोळी घातली. खाली जाऊन त्याने एवढंच सांगितलं, ‘चूक माझी.’ मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि गप्प होतो. पाच वर्षं तो बिनरायफलीचा माझ्याबरोबर वर आला, मी मारलेलं मांस पाठीवरून उतरवलं, आणि त्या झाकणाबद्दल एकदाही बोलला नाही. नियम त्याने केला. ‘विचारायचं नाही, आपापलं बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं,’ एवढंच तो म्हणाला. मी कुणाला हे कधी सांगितलं नव्हतं.

(हे मला आज कळलं. मी पेन खाली ठेवलं आणि कॉफी केली. दोघांनी प्यायली. आता पुढे लिहिते.)

त्या माणसाचा नियम मी त्याच्याच धारेवर बसून मोडू शकलो नाही. तुझ्या हातून काही झालं असतं तर तूही खाली जाऊन ‘चूक माझी’ म्हणाली असतीस, मी तुला ओळखतो. आणि मी पुन्हा शेजारी उभा राहिलो असतो.

डोंगर दाखवलास त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. कडेकडेने सगळा बघितला.

तुझा मामा

(तो रडत नाहीये असं लिही म्हणतोय. लिहिलं. — आई)

बिलिंग्ज, १७ ऑक्टोबर

प्रिय मामा,

आई, हे त्याला सावकाश वाचून दाखव आणि मधे थांबू नकोस.

मी लिहिलं होतं की मी नीट बघून सांगितलं. ते खोटं आहे. त्या अस्वलाचा खांदा झुडपामागे होता. चेहरा खाली होता, बेरीत. मला पाठ दिसली, एक कान दिसला आणि तपकिरी रंग दिसला. तू एवढ्या वर्षांनी वर आला होतास, तुझा तिसरा दिवस होता, आणि तुला एक अस्वल मिळायलाच हवं असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून म्हटलं, “काळं.” तुझ्यासाठी म्हटलं. तू ‘माहीत नाही’ म्हणालास तेव्हा मला वाटलं तू मला पकडलंस, तुझ्या चांगल्या डोळ्यांनी तुला तेच दिसलं जे मला दिसलं होतं. मला शरम वाटली आणि शरमेपेक्षा राग सोपा पडतो. साडेपाचशे मैल भांडत आले ती तुझ्याशी नव्हे.

म्हणजे त्या दुपारी धारेवर दोन माणसं होती. एकाला दिसत नव्हतं आणि एकीने बघितलं नव्हतं. ज्याला दिसत नव्हतं त्याने खरं सांगितलं.

ते कुठलं अस्वल होतं, मामा? मला माहीत नाही. आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, कामावर, कवळ्यांसमोर. मर्लला हे ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता पुढच्या सप्टेंबरचं. पंधरा तारीख, कॉफीपॉटची धार, नियम तोच, दोघांनी म्हटलं तरच. दुसरी दुर्बीण आईच्या हातात. शंभरपैकी शंभर मिळवलेली बाई फ्रिजवर लावून ठेवायची नसते. तू वारा सांगायचा, बीन्स शिजवायच्या, आणि थर्मासचं झाकण आम्ही बघायला बसण्याआधीच उघडून ठेवायचं. मी वाळूची आणखी एक थैली पाठवते आहे. आईने आजपासून जिना चढायला लागावं, वीस पौंडांपासून सुरुवात केली तरी चालेल.

तिला नाही म्हणायचं असेल तर ते कागदावर लिहून पाठवायला सांग.

तुझी,
कॉरीन